मन्मथअप्पांचं कायक

वडवणीला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या पेठेत नव्यानं आलेल्या माणसाला तशी शंका येते. बसस्टँडवरून बाजाराकडं वळलं की मन्मथअप्पांचं किराणा दुकान लागतं आणि त्या दुकानाच्या पत्र्यावर एक पिवळीधमक प्लॅस्टिकची होडी पालथी घालून दोरखंडानं बांधलेली दिसते. बाजारच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं मान वर करून ती बघतात. कुणाला ती नव्या प्रकारची गव्हाण वाटते, कुणाला पाण्याची टाकी. मी शेजारीच बरीच वर्षं रेडिमेड कपड्यांचं दुकान चालवतो. माझ्या नावाची लुकलुकणारी पाटी दारावर आहे. तरी लोक एकमेकांना माझा पत्ता सांगतात तो असा : 'त्या होडीवाल्या वाण्याच्या शेजारी.'

त्या होडीला कयाक म्हणतात. एका वल्ह्यानं दोन्ही बाजूंनी पाणी मारत चालवायची, दोन माणसं एकामागं एक बसू शकतील अशी. अप्पा तिला 'कायक' म्हणतात. मी एकदा शहाणपणा करून दुरुस्ती सुचवली, तर म्हणाले, "आमच्यात कायक म्हंजी काम. घाम गाळून केलेलं काम. हे वल्हवायला घाम येतो का न्हाई? मग कायकच." 

ती त्यांना मिळाली तीही मजेदार रीतीनं. जिल्ह्यातल्या एका तलावावर कुणीतरी हौसेनं नौकाविहार काढला होता. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं, नौका चिखलात राहिल्या आणि विहार बंद पडला. अप्पा तिकडं गूळ बघायला गेले होते, येताना पिकअपमध्ये होडी घेऊन आले. गूळ विसरले.

आता मुख्य गोष्ट. अप्पा या होडीतून समुद्रात मासे धरतात. आणि अप्पा जातीनं, घरानं आणि पोटानं पक्के शाकाहारी आहेत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंड्याचा ट्रे शेजारच्या टपरीवर दिसला तरी रस्त्याच्या पलीकडून जाणारा माणूस. दर दोनतीन महिन्यांनी जुन्या जीपवर होडी बांधून ते घाट उतरायचे आणि कोकणात चार दिवस राहून यायचे.

"अप्पा, खात न्हाई तर धरता कावून?" मी विचारलं होतं.

"तू बायांचे ड्रेस ईकतोस. घालतोस का?"

मी परत येऊन दारातल्या पुतळ्याचा ड्रेस सारखा केला.

त्यांचा गळसुद्धा शाकाहारी. कोळंबी वगैरे लावत नाहीत. चमकणारा प्लॅस्टिकचा मासा दोरीला बांधून पाण्यात फिरवतात. आणि नियमांचं म्हणाल तर सरकारनं जेवढे केले तेवढे तोंडपाठ. कुठला मासा किती लांब झाल्याशिवाय धरायचा नाही, खाडीच्या तोंडाशी काय करायचं नाही, पावसाळ्यात मासेमारी कधी बंद होते, सगळं. मोजायला टेप लागते. ती त्यांनी माझ्या दुकानातून नेली. मी गिऱ्हाइकांच्या कमरा कित्येक दिवस अंदाजानं घेत होतो आणि त्या अंदाजाची फळं बदलून मागायला येणाऱ्या माणसांच्या रूपानं अजून भोगतोय.

मासा मोजून झाला की अप्पा म्हणायचे, "माप भरलं न्हाई. सोड." पुढंपुढं हे वाक्य त्यांनी सगळ्यालाच लावलं. शेंगा हलक्या निघाल्या, माप भरलं न्हाई. पुढारी भाषण करून गेला, माप भरलं न्हाई. माझ्या धाकट्या भावाला बघायला पाहुणे आले, अप्पांनी दुकानातूनच पोराकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "आणखी एक साल थांबा."

"आणि माशाचं माप भरलं तर?" मी विचारलं.

"तरी सोडायचाच. आपण कुठं खातो?"

"मग मोजायचा कशाला?"

"छोटा असला तर कायद्यानं सोडला, मोठा असला तर आपल्या मर्जीनं. दोन्हीत फरक हाय का न्हाई?"

असा हा माणूस. आमच्या काकू, म्हणजे अप्पांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी गौरी, तिनं शिकायला गेल्या ठिकाणी स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव त्या घरात निघत नव्हतं. ती कुठं असते यावर पेठेत वाद होते. मी स्वतः 'बंगळूर' असं ठामपणे सांगत असे. पेठेतली बातमी माझ्या काउंटरवरून गेल्याशिवाय पुढं जात नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ख्याती सांभाळायला माणसाला कुठलं तरी गाव सांगावंच लागतं.

गेल्या हिवाळ्यात अप्पा म्हणाले, "चल बे सुधाकर, एकदा समुद्र बघ."

मी लगेच हो म्हणालो. पोहता येतं का म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, "आमच्या मामाच्या विहिरीत लहानपण गेलं." हे खरं आहे. फक्त ते लहानपण विहिरीच्या काठावर कपडे सांभाळत गेलं, एवढं मी बोललो नाही.

बुडू नये म्हणून घालायचं, आत फोम भरलेलं केशरी जाकीट मी वडवणीतूनच घालून निघालो. वाटेत मांजरसुंब्याला चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्यानं जीपवरची होडी, माझं केशरी जाकीट आणि अप्पांचं भस्म असं सगळं बघून शांतपणे विचारलं, "कोणत्या पक्षाची निशाणी हाय ही?" अप्पा म्हणाले, "अपक्ष."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खाडीच्या अलीकडच्या काठावर आम्ही होडी उतरवली. समोर पाणी, पलीकडं माडांमध्ये एक कोळ्यांचं गाव. धक्क्यावर मत्स्यखात्याचे एक साहेब ट्रॉलरवाल्यांची जाळी तपासत उभे होते. अप्पा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"आमचंबी तपासा."

साहेबांनी आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काय पकडता?"

"पकडून सोडतो."

"मग जा की."

"पर तपासा तर."

साहेबांनी प्लॅस्टिकचा मासा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. अप्पांना एवढं समाधान झालं, जसं कुणी त्यांच्या तराजूला वर्षाचा शिक्का मारून दिला.

होडीत बसण्याच्या माझ्या प्रयत्नाबद्दल फार सांगत नाही. पहिल्यांदा बसलो तो दुसऱ्या बाजूनं खाली गेलो. पाण्यात पडल्याबरोबर मी "बुडालो, बुडालो" असा आरडाओरडा केला. अप्पा शेजारी उभे होते. पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. ते म्हणाले, "उभा ऱ्हा." मी उभा राहिलो. धक्क्यावरच्या मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून हसत होत्या. पुढचा सगळा प्रवास मी डोळे मिटून केला, त्यामुळे समुद्र कसा दिसतो ते मी नीट सांगू शकत नाही. खारट असतो एवढं नक्की.

डोळे उघडले तेव्हा आम्ही पलीकडच्या गावाच्या वाळूच्या पुळणीजवळ आलो होतो. अप्पांनी गळ टाकलाच नव्हता. वल्हं आडवं धरून ते होडी एका जागी ठेवायची खटपट करत होते. पुळणीवरून एक बाई साडी जराशी उचलून पाण्यात आली, नडगीइतक्या पाण्यात थांबली, आणि मला बघून म्हणाली, "सुधाकरकाका, तुम्ही?"

गौरी होती. बंगळूरची गौरी.

माझ्या दुकानातून शाळेचे फ्रॉक नेणारी, नेल्यावर बदलून मागणारी गौरी. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. लाट सरली की तिनं दोन पावलं पुढं यायचं, अप्पांनी होडीचं टोक तिच्याकडं करायचं, आणि डबा हातोहात घ्यायचा. दोघांना हे इतकं सरावाचं होतं की मला कळलं, मासेमारी ती हीच.

"थालीपीठ हाय," ती म्हणाली. "आणि अप्पा, जुलैत या."

"जुलैत बंदी असती."

"म्हणून तर आता सांगते."

"बंदीत कसं येणार? दोन महिने समुद्र बंद."

गौरीनं ओला पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "जुलैत तुम्ही आजोबा होणार."

अप्पांनी वल्हं मारायला सुरुवात केली. एकाच बाजूनं मारत होते. होडी जागच्या जागी गोल फिरली आणि परत गौरीसमोर आली.

"ह्या टायमाला होडी आणू नका," ती म्हणाली. "जमिनीवरून या. आमच्या दारात."

परतताना मी मागं बसून थालीपीठ खात होतो. भीतीनं भूक लागते. अप्पा पुढं बघत बोलायला लागले. लग्नाची बातमी आली त्या दिवशी भावकी जमली होती. मुलगा कोळ्याचा, घरात मासळी वाळत असते, एकेकजण एकेक बोलत होता. त्या भरात अप्पा सगळ्यांसमोर बोलून गेले की तिच्या सासरच्या मातीला मी पाय लावणार न्हाई.

"बोललो ते बोललो. तराजू एकदा उचलला की उचलला. पर मग ही होडी दिसली. म्हणलं, पाणी काय माती न्हाई."

"आणि मासे?"

"नुसतंच पाण्यावर बसून ऱ्हायलो तर लोक काय म्हणतील? कायतरी धंदा दिसाया पायजे."

तर असं होतं. शाकाहारी वाण्यानं मासेमारीचे सगळे नियम पाठ केले होते, ते लेकीशी चार शब्द बोलता यावेत म्हणून. आणि ते नियम त्यानं खोटेखोटे पाळले नाहीत, हे मला पुढं कळलं.

जून लागला. मासेमारी बंद झाली आणि अप्पांचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकानं डाळ मागितली की साखर द्यायचे. पत्र्यावरच्या होडीच्या दोऱ्या सोडायचे आणि परत बांधायचे. मोबाईलवर कोकणातली हवा बघायचे आणि इथं ढग नसताना छत्री घेऊन फिरायचे. 

मला ते बघवेना. शेजाऱ्याला मदत करायची ऊर्मी मला अधूनमधून येते आणि तिचा परिणाम सहसा वाईट होतो. मी फोनवर बसून शोध लावला आणि त्यांच्या गल्ल्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"अप्पा, काम झालं. ही बंदी इंजिनाच्या होड्यांना हाय. वल्ह्यावाल्याला न्हाई. तुमी कायद्यानं जाऊ शकता."

"ठावं हाय मला."

"मग?"

"बंदी कावून केली? ह्या दिवसांत मासळी अंड्यावर असती. आता माशाला काय कळतंय, वर इंजिन हाय का वल्हं? नियम इंजिनासाठी न्हाई बे, तिच्यासाठी हाय."

"पर तुमी धरून सोडताच की."

"पोटुशी बाई हाय. तिला ओढून काढायची, मोजायची, आणि सोडली म्हणायचं?"

मी म्हणालो, मग गळ नेऊच नका, नुसती होडी न्या. त्यावर त्यांनी मला पावसाळ्यातल्या समुद्राचा एक व्हिडिओ दाखवला. दुकानातल्या खुर्चीवर बसून तो बघतानासुद्धा मी खुर्चीचा हात धरला.

"आणि जमिनीवरून?" मी विचारलं.

अप्पांनी साखरेचं पोतं उघडलं आणि त्यात माप घालून उगाच हलवत बसले.

अप्पांच्या जावयाचा, महेशचा, फोन आला तो बाजारच्या दिवशी, ऐन दुपारी. हिवाळ्यात गौरीनं माझा नंबर घेऊन ठेवला होता. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात तिला नेलं, बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, एकदोन दिवसांत घरी नेऊ, असं महेशनं भराभरा सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती अप्पांचं विचारत नाही. पण झोपेत बोलते."

मी शेजारी गेलो. दुकानासमोर गिऱ्हाइकांची झुंबड होती, अप्पा गूळ तोलत होते. सगळ्यांसमोर कसं सांगावं म्हणून मी कानाशी जाऊन सांगितलं. कानाशी बोलण्याची कला मला साधलेली नसल्यानं अर्ध्या बाजारानं ते ऐकलं.

अप्पांनी तराजूतला गूळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकला, न तोलताच. मग फळ्या लावायला घेतल्या. बाजारच्या दिवशी ते दुकान बंद झालेलं पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणाले, "अप्पा, आमचं तेल?" अप्पा म्हणाले, "मला नात झाली. उद्या या." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्याबी नगा येऊ."

आतल्या खोलीतून त्यांनी डिंक काढला, खारीक काढली, अळीव, बाळंतशोपा, सुंठ, खोबरं, जुन्या मऊ सुती साड्यांचं एक गाठोडं. त्या काकूंच्या होत्या हे मला बघताक्षणी कळलं, कारण त्यातल्या काही माझ्याच दुकानातल्या होत्या आणि रंग गेलेला होता. सगळं जीपमध्ये भरलं.

"होडी बांधू?" मी विचारलं.

"बंदी हाय न्हवं," अप्पा म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले.

संध्याकाळी घाटाच्या अलीकडं एका हॉटेलात मुक्काम केला, कारण धुक्यात मी 'हळू, हळू' म्हणून म्हणून अप्पांना वैताग आणला होता. सकाळी 'तिला घरी नेतोय' असा महेशचा फोन आला, आणि पाऊस कोसळत असताना आम्ही खाडीवरच्या पुलावर आलो. पूल संपतो तिथं डांबरही संपतं आणि तांबडी वाट गावात उतरते. जीप पुढं जाणार नव्हती. अप्पा खाली उतरले आणि डांबराच्या कडेला थांबले. त्यांच्या पायांच्या बोटांपुढून लाल पाणी वाहत होतं.

त्यांनी एक पाय उचलला आणि परत डांबरावर ठेवला. छत्री मी धरली होती, त्यामुळे दोघंही भिजत होतो. मला राहवेना. मी म्हणालो, "अप्पा, एक सुचवतो. पायात चप्पल हाय. चप्पल असली तर पाय मातीला लागतच न्हाई. बोलणंबी ऱ्हायलं आणि जाणंबी झालं."

खरं सांगतो, मला हा युक्तिवाद फार आवडला होता. वकील व्हायला हवं होतं असंही क्षणभर वाटलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकले, दोन्ही चपला काढून हातात घेतल्या, आणि अनवाणी त्या चिखलात उतरले. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. ते काढून त्यांनी दुसरं टाकलं. मी मागून डिंकाची पिशवी आणि गाठोडं घेऊन निघालो आणि अर्थातच वाटेत पडलो.

घर कौलारू होतं, ओट्यावर जाळी घडी करून रचलेली. विहीणबाई दारात आल्या. धिप्पाड, हातात बांगड्या, आवाज खणखणीत. अप्पांचे ते पाय त्यांनी बघितले. आत गेल्या आणि कढत पाण्याची बादली घेऊन आल्या. अप्पा "मी धुतो, मी धुतो" म्हणत होते, पण त्यांनी तांब्या दिला नाही, स्वतःच पायांवर पाणी ओतलं.

"सुकी मासळी सगळी शेजारी नेऊन ठेवली," त्या म्हणाल्या. "वास यायचा नाही तुम्हाला."

"राहू द्यायची व्हती," अप्पा म्हणाले. "तुमचं घर हाय."

"आज सकाळीच तिला घरी आणली. आतल्या खोलीत आहे. जा."

अप्पा आत गेले. त्यांच्यामागं मीही गेलो, कारण मला थांब असं कुणी म्हणालं नव्हतं. खोली लहान, अंधारी, धुरीचा वास. गौरी बाजेवर पडून होती, कडेला दुपट्यात ते इवलंसं. अप्पा बाजेपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "कशी हायेस गौरा? बरी हायेस ना?"

बाळ दचकलं. मीही दचकलो. खोलीत एवढ्या मोठ्यानं बोलायचं काही कारण नव्हतं. आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं हा माणूस लेकीशी बोलला तो लाटांच्या आवाजावरून. तिच्याशी बोलायचा त्यांचा आवाजच तो झाला होता.

गौरीनं बाळाच्या छातीवर हात ठेवला. हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"हळू बोला अप्पा," ती म्हणाली. "आता इथंच आहे मी."

अप्पांनी मान हलवली.   ते बाजेच्या कडेला, जमिनीवर बसले. गौरीनं हात लांब करून त्यांच्या डोक्यावरची ओली टोपी काढून घेतली.

मी बाहेर येऊन ओट्यावर जाळ्यांच्या शेजारी बसलो. विहीणबाईंनी मला चहा दिला आणि माझ्या चिखलानं माखलेल्या कपड्यांकडं बघून विचारलं, पाहुणे, तुमचा धंदा काय? मी म्हणालो, कपड्यांचा. त्यांनी दोरीवरचा टॉवेल काढून माझ्याकडं टाकला.  मग आतून अप्पांचा आवाज आला, अगदी बारीक, मी कधी न ऐकलेला. ते बाळाला तिनं न पाहिलेल्या आजीचं, आमच्या काकूंचं, नाव सांगत होते.